हौद्यातली माणसं

त्या वर्षी लिंबाला उन्हाळाभर भाव टिकला आणि मच्छिंद्रच्या घरात गाडी घ्यायचं बोलणं सुरू झालं. कर्जतपासून आत, माळाच्या कडेला, एकाच अंगणात दोघा भावांची घरं होती. थोरला मच्छिंद्र, धाकटा गहिनीनाथ. वाटण्या होऊन बरीच वर्षं झाली होती, पण विहीर एकच होती आणि दोघांची लिंबं बाजाराला जायची तीही एकाच भाड्याच्या टेम्पोतून. टेम्पोवाला भर हंगामात हमखास फोन बंद ठेवायचा. मग तोडलेली लिंबं बांधावरच पिवळी पडायची आणि मच्छिंद्र त्याच्या नावानं दिवसभर बोटं मोडत बसायचा.

गाडी घ्यायची यावर कुणाचं दुमत नव्हतं. कोणती घ्यायची, यावर मात्र ताटातली भाकरी गार व्हायची.

मच्छिंद्रचा मुलगा रविराज, त्याचा जीव पिकअपवर. सून निकिता श्रीगोंद्याची. आदल्या साली तिला चौथ्या महिन्यात पोटात दुखायला लागलं, तेव्हा रविराजनं तिला मोटारसायकलवर मागं बसवून कर्जतला नेलं होतं. मूल राहिलं नाही. ती त्याबद्दल कधी तोंड उघडायची नाही. पण गाडीचा विषय निघाला की हातातलं काम थांबवून म्हणायची, "मामा, माणसं बसायची गाडी घ्या. दारं लागणारी. लिंबाला भाड्याचा टेम्पो मिळतोच की."

"मिळतोय कुठं?" मच्छिंद्र म्हणायचा. "आन माणसांचं काय गं, माणसं कुठंबी बसत्यात."

त्याची बायको कडूबाई दोघांकडं बघायची आणि भाकरी थापत राहायची.

अखेर मच्छिंद्र, रविराज आणि निकिता तिघं नगरला गेले. शोरूममध्ये काचेमागं एक पांढरी सात सीटची एसयूव्ही उभी होती. निकिता मधल्या सीटवर जाऊन बसली, दार ओढून घेतलं आणि डोकं मागं टेकून तशीच राहिली. रविराजनं दोनदा काचेवर टकटक केलं तेव्हा उतरली. तोवर मच्छिंद्र मागच्या पटांगणात पिकअपच्या हौद्यात चढून पत्र्यावर पाय आपटून बघत होता. पाट्यांवर पाट्या रचल्या तर किती माल बसंल याचा तो मनात अंदाज बांधत होता. परत येताना एसटीत निकिता खिडकीशी बसली आणि मिरजगाव येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

पिकअप आली आणि वाडीचीच झाली. लिंबं तर जायचीच, शिवाय कुणाची गाय डॉक्टरकडं, कुणाच्या लग्नाचं रुखवत, जत्रेला बायकापोरं. मच्छिंद्रनं कुणाला नाही म्हटलं नाही. दारात गाडी असलेला माणूस म्हणून त्याला लोक हाक मारत, ते त्याला आवडायचं.

गहिनीनाथची एकुलती एक लेक संस्कृती बारावी करून पोलीस भरतीची तयारी करत होती. उजाडायच्या आत माळावर धावून यायची, घामानं निथळत अंगणात उभी राहून ओरडायची, "आबा, बाजारला निघालात का? मला क्लासला सोडा!" आणि पुढं रविराजच्या शेजारी बसून जायची. मच्छिंद्रला पोटची मुलगी नव्हती. तिच्या हाकेला तो चहा अर्धा टाकून उठायचा.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हौद्याच्या मागच्या फाळक्याचा डाव्या बाजूचा हूक झिजला. खाचेत बसायचा, पण धक्का बसला की सुटायचा. वेल्डिंगवाल्याकडं गाडी एक दिवस ठेवावी लागली असती आणि हंगाम ऐन भरात होता. म्हणून गहिनीनाथ दर खेपेला हुकाला तारेचे वेढे मारायचा, पकडीनं पिळायचा. दोघा भावांना ते माहीत होतं. रविराजलाही. लिंबाच्या पाट्या काही तक्रार करत नव्हत्या.

वैशाखात कडूबाईच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं, जामखेडच्या बाजूला. कडूबाई दोन दिवस आधीच पुढं गेली. हळदीच्या दिवशी दुपारी वाडीतल्या बायका नटूनथटून अंगणात जमल्या. हौद्यात ताडपत्री अंथरली, वर गोधड्या टाकल्या. गहिनीनाथला तोडणीची माणसं सांभाळायची होती, तो यायचा नव्हता. त्यानं बायकांना हात देऊन चढवलं, फाळका वर केला, तार गुंडाळली आणि पिळली. त्याची बायको रंगुबाई आत बसली होती. ती हसून म्हणाली, "घट पिळा, आमी लिंबं न्हाई."

संस्कृती नवा मोरपंखी घागरा सावरत केबिनशी आली. आत रविराज स्टेअरिंगवर, मधे निकिता.

"आबा, मी पुढं बसू का? घागरा चुरगळंल."

मच्छिंद्रचा गुडघा त्या दिवसांत धरला होता. तो दाराला हात लावूनच उभा होता. म्हणाला, "तू तरणीताठी, जा मागं. म्हाताऱ्याला बसू दे."

"म्हातारा कुठला!" असं म्हणून ती हसली आणि चाकावर पाय देऊन हौद्यात उडी मारून गेली. आत गर्दी होती. तिला फाळक्याला टेकून जागा मिळाली, शेजारी वाडीतली म्हातारी बनुबाई.

गाडी रस्त्याला लागली तशी बायकांनी हळदीची गाणी धरली. कुणीतरी केबिनच्या पत्र्यावर ठेका धरला. रविराजही हॉर्न वाजवून ठेका द्यायला लागला. मच्छिंद्रनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. ऊन होतं, पण वारा बरा लागत होता.

एका गावाबाहेर शाळेपुढं रस्त्यावर नवा गतिरोधक घातला होता. त्यावर पांढरे पट्टे नव्हते. रविराजला तो अगदी जवळ आल्यावर दिसला. ब्रेक लागला, तरी गाडी उडाली, मागची चाकं धाडकन आपटली. मागं एकच आरडाओरडा झाला.

"हळू रं," मच्छिंद्र म्हणाला.

पत्र्यावर धपाधप हात पडायला लागले. आता ठेका नव्हता, पण ते पुढं कुणाला कळलं नाही. रविराजनं आरशात बघितलं, त्यात नुसती साड्यांची गर्दी दिसली.

"थांबू का, आबा?"

"आरं चल, उशीर व्हतोय. नाचत्यात त्या."

निकितानं मान वळवून मागच्या जाळीच्या, थोड्या सरकलेल्या काचेतून बघितलं. काचेला पाठ लावून बायका उभ्या होत्या. तेवढ्यात एक मोटारसायकल शेजारून पुढं आली. वरचा माणूस एका हातानं मागं दाखवत, तोंडानं काहीतरी ओरडत होता. मग रविराजनं गाडी बाजूला घेतली.

फाळका उघडून लोंबत होता. तुटलेली तार हुकाला तशीच होती. रंगुबाई पत्र्यावर दोन्ही हात आपटत होती, अजूनही. बांगड्या फुटून मनगटातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं आणि ती काय बोलत होती ते कुणालाच उमजत नव्हतं.

मागं रस्त्यावर, बरंच मागं, दोन ढिगारे दिसत होते. बनुबाई कण्हत होती. संस्कृती कण्हत नव्हती.

दोघींना त्याच हौद्यात घालून दवाखान्यात नेलं. दुसरं वाहन थांबलं नाही, आणि थांबलं असतं तरी आडवं कुठं झोपवणार होते? गोधडीवर संस्कृतीचं डोकं रंगुबाईच्या मांडीवर होतं आणि निकिता आपल्या नव्या साडीचा पदर त्या डोक्याखाली दाबून बसली होती. डॉक्टर बाहेर येऊन रविराजशी बोलायला लागले, तेव्हा मच्छिंद्र उठून पायऱ्यांवर जाऊन बसला. आत जायची गरज त्याला वाटली नाही. डॉक्टरांचा चेहरा त्यानं बघितला होता.

बनुबाईच्या खुब्याचं हाड मोडलं, ती वाचली.

रविराजवर गुन्हा दाखल झाला. मालवाहू गाडीत माणसं बसवली, निष्काळजीपणानं चालवली. पिकअप पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली. रविराज जामिनावर घरी आला तो माजघरात भिंतीकडं तोंड करून पडला. पुन्हा मोटारसायकललासुद्धा त्यानं हात लावला नाही. गहिनीनाथनं भावाला एक शब्द विचारला नाही. रंगुबाई विहिरीवर यायची, पाणी भरायची, कडूबाई समोर असली तरी तिच्या अंगावरून नजर काढून नेत परत जायची. संस्कृतीचे धावायचे बूट बरेच दिवस त्यांच्या ओट्यावर होते. मग एके दिवशी नव्हते.

पावसाळा सरता सरता मच्छिंद्रनं रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा मोडला आणि पांढरी, सात सीटची, दारं लागणारी गाडी घेतली. कुणाला विचारलं नाही. शोरूमचा माणूस ती दारात आणून लावून, चावी देऊन गेला. कडूबाई सवयीनं ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. शेजारच्या ओट्यावर रंगुबाई शेंगा फोडत बसली होती. कडूबाईनं ताट तसंच मागं नेलं.

"आता कुणाला बसवायची हिच्यात?" रात्री जेवताना ती म्हणाली.

मच्छिंद्रकडं उत्तर होतं, पण ते बोलून दाखवायची लाज वाटली. त्याच्या मनात होतं की एक दिवस रंगुबाईला मधल्या सीटवर बसवायचं, गहिनीनाथला पुढं, आणि कुठंतरी न्यायचं. कुठं, ते त्यानं ठरवलं नव्हतं.

कोर्टानं पिकअप सोडली. मच्छिंद्र ती घरी आणणार नव्हता. जुन्या गाड्या घेणाऱ्या नगरच्या एका दलालाशी त्यानं बोलणं केलं होतं. ते कानावर गेल्यावर गहिनीनाथ इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भावाच्या ओट्याची पायरी चढला. बसला नाही.

"पिकअप इकू नको, दादा. मला दे."

मच्छिंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय करतो तिचं? दारात उभी केलीस तर रंगू..."

"तिला इचारलंय मी."

"आरं, पर त्या गाडीत..."

"म्हनूनच. शेवटची ती तिच्यात बसली हुती. कुन्या परक्यानं तिच्यात शेळ्या भराव्यात का डुकरं?" गहिनीनाथचा आवाज चढला नाही. "आन माझी लिंबं हायेत. ती न्यायला लागत्यातच. झाडं काय थांबत्यात व्हय?"

मच्छिंद्रनं कागद आणून दिले. गहिनीनाथ ते घेऊन वळला. मग मच्छिंद्र मागून म्हणाला, "रवीनं थांबू का म्हनून इचारलं हुतं. मीच चल म्हनालो. पोलिसांनी माझं तेवढं लिहूनच घेतलं न्हाई."

"रंगूला म्हाईत हाय," गहिनीनाथ म्हणाला. "जाळीतून आयकलं तिनं."

तो गेल्यावर मच्छिंद्र कितीतरी वेळ ओट्याच्या खांबाला धरून उभा होता. इतके महिने ती विहिरीवर येत होती, पाणी भरत होती, आणि तिला ते माहीत होतं.

पिकअप परस्पर वेल्डिंगवाल्याकडं गेली आणि दोन्ही बाजूंना जाड नवे हूक, वर साखळ्या लावून आली. गहिनीनाथ गाडी चालवायला शिकला. बाजारच्या दिवशी तो एकटाच पाट्या भरायचा. गाडी रिकामी होऊन आली की रंगुबाई हौद्यात चढून खराट्यानं तो झाडायची. पालापाचोळा निघाला तरी झाडतच राहायची. मच्छिंद्र त्या वेळी अंगणात थांबत नसे.

पांढरी गाडी चिंचेखाली उभी होती. सीटांवरची प्लॅस्टिकची आवरणंसुद्धा कुणी काढली नव्हती. एके दिवशी निकितानं चावी मागितली.

"कशाला?" मच्छिंद्रनं विचारलं.

"शिकते. ह्यांच्यानं आता चालवनं व्हायचं न्हाई. तुमाला येत न्हाई. मग ठेवायची कशाला?"

ती कर्जतला क्लासला जाऊन शिकली. संध्याकाळी माळावर गाडी पुढं-मागं घ्यायची. अशी गाडी घ्या असं पहिल्यांदा मीच म्हणाले होते, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मच्छिंद्रला बरं वाटलं असतं.

हिवाळ्यात खटल्यात साक्षींची पहिली तारीख लागली. निकितानं गाडी पुसून दारात लावली. रविराज आला, त्यानं पुढचं दार उघडलं आणि उभाच राहिला. निकितानं आतून वाकून त्याचं मनगट धरलं आणि त्याला बसवलं, लहान मुलाला बसवावं तसं. पट्टासुद्धा तिनंच लावला. मच्छिंद्र मागं बसला. मधली अख्खी सीट त्याच्या एकट्याची होती, आणि तिच्यामागंही एक रिकामी.

वाडीच्या फाट्यावर कडुलिंबाच्या झाडाखाली रंगुबाई उभी होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर. गहिनीनाथ पहाटेच माल घेऊन गेला होता, तो परस्पर कोर्टात यायचा होता. तिलाही साक्षीला बोलावलं होतं. त्या दिवशी काय झालं ते तिला सांगायचं होतं.

निकितानं गाडी थांबवली, काच खाली केली. "काकू, बसा ना. तिकडंच चाललोय."

मच्छिंद्रनं दार उघडलं आणि पलीकडं सरकून जागा केली. "ये, रंगू," एवढंच म्हणाला.

रंगुबाईनं पुढं बघितलं. रविराजनं मान खाली घातली होती. तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग तिची नजर मच्छिंद्रवर आली आणि तिथं थांबली.

"तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली. "येष्टी येईल आता."

"येष्टीला उशीर हाय, काकू."

"येऊ दे. मी हाय हितं."

मच्छिंद्रनं दार ओढून घेतलं. ते जड होतं, नीट लागलं नाही; त्याला पुन्हा उघडून जोरात ओढावं लागलं. निकिता आणखी क्षणभर थांबली, मग तिनं गिअर टाकला. आत वारा येत नव्हता, धूळ येत नव्हती, बाहेरचा आवाज येत नव्हता. एका गतिरोधकावर निकितानं गाडी इतकी हळू केली की मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत राहिला.