मुळासकट केस

त्या गल्लीत चार सलून होती आणि पाच रेस्तराँ, आणि सगळ्यांचं मिळून एकच गिऱ्हाईक: ज्याला आज कसलीही घाई नाही असं. सकाळी केस धुवून घ्यायचे, दुपारी खिडकीशी बसून जेवायचं, मग कॉफी, मग वाटलंच तर नखं. दारं निळी-पिवळी, कुंड्या फुललेल्या. गल्लीची एक रीत तर बाहेरच्यांना बघवत नसे. केसांना रंग लावला की अर्धा-पाऊण तास नुसतं बसावं लागतं. तेवढ्या वेळात बायका डोक्यावर लेप, गळ्यात सलूनचं काळं कापड, अशा थाटात रस्ता ओलांडून समोर सूप प्यायला जायच्या. लाज? छे! उलट शेजारच्या टेबलावरून विचारणा व्हायची, "कुठली शेड गं?"

ही रीत यातल्या एका सलूनवालीच्या आईने पाडली होती. एकतीस वर्षांपूर्वी तिने हे सलून काढलं तेव्हा आत बसायला जागा नव्हती, म्हणून ती गिऱ्हाइकांना समोर पिटाळायची. आता कात्री लेक चालवायची आणि आई झाडू. दिवसातून सहा वेळा. हात थरथरायचे म्हातारीचे, पण फरशीवर एक केस सापडला तर शपथ.

आणि या म्हातारीवर त्या मेल्याने आळ घेतला.

मेला म्हणजे समोरच्या रेस्तराँचा मालक. गल्ली त्याला शेफसाहेब म्हणायची. मानेवर रुळणारे काळेभोर केस, पन्नाशीतही. "घराण्याची देणगी," असं तो दर चार वाक्यांनी सांगायचा. गेल्या महिन्यात ऐन जेवणाच्या वेळी, हॉल गच्च भरलेला असताना, घरमालकीणबाईंच्या सूपमध्ये केस निघाला. दोन्ही बाजूंची दुकानं या बाईंच्या मालकीची. शेफसाहेबाने तो केस चिमटीत धरून वर उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "समोरच्या आजींना झाडू धरवत नाही आता. कापलेले केस वाऱ्याने माझ्या स्वयंपाकघरात येतात. मी किती दिवस मूग गिळून बसू?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर पाटी लागली: सलूनचं कापड घालून आत येऊ नये. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा निरोप आला, महिन्याभरात जागा सोडा. आणि ती जागा कुणाला मिळणार? शेफसाहेबाला! जादा टेबलं मांडायला. बघा कसं जुळून आलं.

आई त्या दिवसापासून सलूनमध्ये आली नाही. घरी बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहायची. "माझ्याच्याने राहून गेला असेल गं एखादा," म्हणायची. हे ऐकलं की लेकीच्या जिवाचा तिळपापड व्हायचा.

कारण त्या दिवशी गलका ऐकून लेक समोर धावली होती आणि तो केस तिने ताटलीतून उचलून आणला होता. घरी दिव्याखाली धरला आणि बघतच राहिली. केसाच्या एका टोकाला मूळ होतं, बारीकसं, पांढरं. आता हे कुठल्याही न्हाव्याला विचारा. कात्रीने कापलेल्या केसाला मूळ नसतं. मूळ असतं ते डोक्यावरून आपणहून गळालेल्या केसाला. म्हणजे हा केस सलूनच्या फरशीवरून आलाच नव्हता. त्या हॉलमधल्या कुणाच्या तरी डोक्यावरून पडला होता. ती धावत मालकीणबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "केस तो केस. माझ्या तोंडात गेला ना?" झालं. तिने तो केस प्लास्टिकच्या पुडीत घालून कंगव्यांच्या खणात ठेवला. मुळाशी नखभर पांढरा, पुढे काळाकुट्ट. पण निम्मी गल्ली केस रंगवते, कुणाचा म्हणून शोधणार?

महिना संपायला चार दिवस उरले होते. दुपारी साडेबाराला सलूनच्या मागच्या दारावर टकटक झाली. उघडते तर शेफसाहेब! डोक्याला मफलर गुंडाळलेला, चेहरा पडलेला.

"ताई, अब्रूचा प्रश्न आहे," तो कुजबुजला आणि त्याने मफलर काढला.

केस हिरवे. तळ्यातल्या शेवाळासारखे हिरवे!

"दोन वाजता मासिकवाले फोटो काढायला येतायत. गल्लीतली सलून आणि रेस्तराँ असा लेख आहे. नेहमी शहराच्या पार त्या टोकाला जाऊन करून घेतो, पण तिथला कारागीर सुट्टीवर. म्हणून घरीच लावलं…"

"काय लावलं? केस तर घराण्याची देणगी आहेत ना?"

"ताई, झालं गेलं विसरा."

विसरा म्हणे! तिने त्याला खुर्चीत बसवलं, काळं कापड गळ्यात बांधलं आणि केस विंचरून भांग पाडला. घरी लावलेला रंग मुळांपर्यंत पोचलाच नव्हता; तिथे नखभर पांढरं. तिने हळूच खण उघडला, पुडी काढली आणि आतला केस त्याच्या केसांच्या बटेशेजारी धरला. रंगलेला भाग हिरवा झाला होता, पण जाडी तीच, लांबी तीच, मुळाकडचं पांढरं तंतोतंत तेवढंच. मधे एकदा रंगवूनही महिन्याभरात मुळं पुन्हा तेवढीच पांढरी झाली होती. तिचा हात थरथरला नाही. थरथरणारे हात तिच्या आईचे होते.

तिने रंग उतरवायचं औषध त्याच्या डोक्यावर शेवटच्या केसापर्यंत नीट लावलं. मग खुर्ची गर्रकन फिरवून खिडकीसमोर केली आणि दुसरी बाटली हातात घेतली.

"ही लावली की पहिल्या औषधाचं काम थांबतं. नुसत्या पाण्याने थांबत नाही. तीस मिनिटांच्या आत लावावी लागते. एकतिसाव्या मिनिटाला केस कंगव्यात येतात. मुळासकट." तिने पुडी त्याच्या मांडीवर टाकली. "हा आला तसा."

शेफसाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. पुडीत काय आहे हे त्याला विचारावंसुद्धा लागलं नाही.

"तुला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली.

"…उचलल्यावर ओळखला," तो पुटपुटला. "पण मालकीणबाई समोर, एवढी माणसं… आणि जागा तर मला हवीच होती."

"त्या आत्ता तुझ्याकडेच जेवतायत. जा, सांग. तिथे, सगळ्यांसमोर. बाटली घेऊन मी मागे आहेच."

"असा जाऊ? हे कापड घालून?"

"पाच मिनिटं गेली."

गेला. नाक मुठीत धरून, लेप थापलेल्या डोक्याने भर दुपारी रस्ता ओलांडून गेला. दारातल्या म्हाताऱ्या वेटरने सवयीने पाटीकडे बोट केलं, "साहेब, कापड घालून आत…" मग ओळखलं आणि बिचाऱ्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. सगळा हॉल चमचे धरून थांबला. मालकीणबाई सूपवरून बघत राहिल्या.

"बाई, तो केस माझा होता," शेफसाहेब म्हणाला.

"मोठ्याने," मागून ती म्हणाली. "आळ घेतलास तेव्हा आवाज चांगला होता."

"तो केस माझा होता! मी रंगवतो! आजींची काही चूक नव्हती!"

मालकीणबाईंनी सूपची वाटी दूर सारली. "जागा तुझ्याकडेच राहील गं," त्या तिला म्हणाल्या. "आणि तुझ्या आईला सांग, मी चुकले."

"आईला मी नाही सांगणार. तिला मी फोन करून बोलावते. सांगायचं ते तुम्ही या माणसाबरोबर येऊन सांगा."

बाविसाव्या मिनिटाला तिने बाटली ओतली. शब्द म्हणजे शब्द. केस वाचले, पण हिरवा काही पुरता निघेना, म्हणून तिने सगळे कापून टाकले. उरले ते मुळाशी पांढरे, नखभर. मासिकवाले दोनला आले तेव्हा घराण्याची देणगी फरशीवर पडलेली होती.

आई आली. मालकीणबाई दारातच तिचे हात हातात घेऊन काहीतरी बोलल्या. म्हातारीने नुसती मान हलवली. शेफसाहेब खाली बघत माफ करा म्हणाला. तिने तेव्हाही मान हलवली. मग लेकीने झाडू आणला. आई घ्यायला पुढे झाली, पण लेकीने तो शेफसाहेबाच्या हातात दिला.

तो वाकून झाडू लागला. आई खुर्चीत बसली, मांडीवर हात ठेवून, आणि फरशीवरून हळूहळू नजर फिरवत गेली. मासिकवाल्याने कॅमेरा उचलला.

"तिकडे कोपऱ्यात राहिलाय एक," आई म्हणाली.