चार हजारांच्या आत

तांदूळ.

टीं.

तांदूळ पहिला, हा धाकटीचा नियम. सरकत्या पट्ट्यावर आधी ज्याच्यावाचून चूल पेटत नाही ते, मग ज्याच्यावाचून अडतं ते, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्यावाचून नुसती कुरकुर होते ते. आकडा चढायला लागलाच तर शेपूट कापता येतं, मुंडकं शाबूत राहतं.

पीठ. टीं. डाळ. टीं. मीठ. टीं.

धाकटी काउंटरला खेटून उभी होती, मुठीत नोटांची घडी. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला थोरली जाऊ ट्रॉलीतून एकेक जिन्नस काढून मांडत होती. ट्रॉलीच्या दांड्याला धरून सासरे उभे होते. जन्मभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे घरीदारी, मुलांपासून सुनांपर्यंत, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. महिन्याच्या सामानाला ते हटकून सोबत यायचे. तेवढीच त्यांना बाहेरची हवा.

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस गं?" थोरलीनं पट्ट्याच्या त्या टोकावरून विचारलं. "मला शिव्या घालतेस की काय?"

"हिशेब करतेय, वहिनी."

"तोंड तर शिव्या घातल्यासारखंच झालंय."

हिशेबाची धाकटीची एक रीत होती. त्रेचाळीसला पन्नास म्हणायचं, एकसष्टला सत्तर. प्रत्येक वस्तू वरच्या दहावर नेऊन ठेवायची आणि मनात बेरीज करत जायची. म्हणजे तिच्या डोक्यातला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा फुगलेला, आणि खरं बिल आलं की हातात थोडं उरलेलं. ही लपवलेली शिल्लक आपण कोणाला दाखवली नाही अशी तिची समजूत होती.


कांदे, बटाटे

यांचं वजन व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर चार हजारांचं एवढं काय, ते कळायचं नाही.

दोन भाऊ, दोन जावा, तीन पोरं आणि मास्तर. आठ तोंडं, एक चूल. गेल्या वर्षी ही चूल भलतीच खादाड झाली. कोण काय आणतंय याचा मेळ नाही, उधारी वाढत गेली, आणि एका रविवारी थोरल्या भावानं ताटावरच तोंड उघडलं. तो एका गोदामात वजनकाट्यावर बसायचा. ट्रक येतो, काटा हलतो, आकडा स्थिरावतो. त्या आकड्यापलीकडे काही बघायचं नाही, हा त्याचा धंदा आणि हाच स्वभाव.

"गोदामाजवळ दोन खोल्या रिकाम्या आहेत," तो म्हणाला होता. "आम्ही तिकडे जातो. मास्तर सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे."

मास्तर तेव्हा हसले होते. "मला कापायचंच असेल तर सरळ उभं कापा रे. तिरकं कापलं की झोळ येतो." कोणी हसलं नाही. त्यानंतर मास्तरांनी ताटातलं काही खाल्लंही नाही.

धाकटीच मध्ये पडली. "भावजी, सामानाचं माझ्याकडे द्या. चार हजारांच्या आत नाही बसवलं तर खुशाल जा."

"एकदा जरी वर गेलं तर?"

"तर गेलात."

शब्द तोंडातून गेला आणि त्या दिवसापासून महिन्यातून एकदा, याच काउंटरवर, धाकटी मुठीत नोटा धरून आकडे पुटपुटायला लागली.


तेल, दोन बाटल्या

टीं. टीं.


साखर. चहा. साबण. कपड्यांची पावडर

डोक्यातला आकडा तीन हजार नऊशे नव्वदला टेकला. धाकटीनं श्वास सोडला. पावडरीनंतर पट्टा रिकामा असायला हवा होता.

नव्हता.

पावडरीच्या मोठ्या पुड्याआड आणखी एक पाकीट सरकत येत होतं. फुगीर, निळसर. तिनं ते ट्रॉलीत टाकलेलं नव्हतं. काउंटरवरच्या पोरीनं ते उचललं, उलटसुलट केलं आणि दुकानातल्या गोंगाटाच्या वर जाईल अशा आवाजात विचारलं, "हे मोठ्यांचे डायपर आहेत हां! लहान बाळाचे पलीकडे असतात. बदलून आणताय का?"

मागच्या रांगेतल्या माना वळल्या.

"आमचं नाही ते," धाकटी म्हणाली. "चुकून आलंय."

"आमचंच आहे," थोरली म्हणाली. "लाव मशीनला."

टीं.

चार हजार शहाण्णव.

आकडा पडद्यावर हिरवा होता. धाकटीच्या डोळ्यांपुढे मात्र लाल झाला. ती पट्ट्याच्या कडेनं दोन पावलांत थोरलीपाशी पोचली.

"वहिनी, काय केलंत हे?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? गोदामाजवळच्या खोल्यांपासून तुमचं माहेर हाकेवर आहे, ठाऊक आहे मला. जायचंय तर सरळ जा ना! माझ्या हिशेबात असला दगड कशाला घालता?"

थोरलीचा चेहरा पडला नाही. उलट आवळल्यासारखा झाला. "तुझ्या हिशेबात दोनशे तरी उरतात दर महिन्याला. मला काय दिसत नाही? त्यात बसेल म्हटलं. भाव चढलाय ते कुठं ठाऊक होतं?"

"पण हे हवंय कोणाला?"

"ताई, घ्यायचंय की काढायचंय?" काउंटरवरची पोरगी म्हणाली. "रांग बघा केवढी झालीय." तिच्यामागून कोणीतरी पुरुषी आवाज खाकरला. आणखी कोणीतरी फिस्सकन हसलं.

थोरली वळली. घराच्या उंबऱ्याबाहेर जाताना आरशात चारदा बघणारी ही बाई, पदराची कड जागची हललेली हिला खपत नसे. ती त्या हसणाऱ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"माझं आहे. तिसऱ्या बाळंतपणापासून त्रास आहे मला. अजून काही विचारायचंय?"

रांग एकदम जमिनीकडे बघायला लागली.

धाकटीला मात्र नक्की माहीत होतं की थोरलीला असला कुठलाही त्रास नाही. मग ती कोणाला झाकतेय? आणि हा प्रश्न पुरता मनात उमटायच्या आत तिची नजर ट्रॉलीच्या दांड्याकडे गेली.

मास्तर काउंटरशेजारच्या खोक्यातले बॅटरीचे सेल बघत होते. इतकं निरखून, की जणू ते विकत घ्यायलाच आले होते. या उकाड्यात अंगात लांब कोट. गेले कित्येक दिवस ते बैठकीतल्या गादीवर बसत नव्हते, लाकडी खुर्चीच ओढून घेत होते. "मणक्याला बरी," म्हणायचे. आणि कपडे धुवायची पाळी असायची, ती थोरलीनं आपणहून पूर्ण स्वतःकडे घेतली होती. तेव्हा धाकटीनं मनात म्हटलं होतं, बाई पुण्य कमावतेय की काय.

"कधीपासून?" तिनं विचारलं. 

"थंडीपासून. माझ्या साठवणीच्या पैशांतून पाकिटं आणत होते. ती संपली."

"मला सांगायचं होतं ना!"

"त्यांनी शपथ घातली होती. कोणालाही नाही, मुलांना तर नाहीच."

मास्तरांनी सेल जागेवर ठेवले. ट्रॉली सोडून ते दोन पावलं पुढे आले आणि हात लांब करून त्यांनी पाकीट पट्ट्यावरून उचललं.

"हे नको," ते काउंटरवरच्या पोरीला म्हणाले. "बाळ, कमी कर हे." मग सुनांकडे न बघता, "घरात जुन्या चादरी पडल्यात. शिंपी आहे मी. शिवेन काहीतरी."

"शिवलंत की," थोरली म्हणाली. "शिवलेलं बघितलंय मी. धुतलंयही. टिकत नाही ते, मास्तर."

"अस्तर दुहेरी घातलं तर टिकेल. चार हजारांच्या आत ठेवायचंय ना हिला? मला अर्धं इकडे अर्धं तिकडे व्हायचं नाही. त्यापेक्षा ओला बरा."

हे ते अगदी हळू बोलले. पण धाकटीला वाटलं, सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

तिनं त्यांच्या हातातून पाकीट घेतलं. ते सोडेनात. सुई धरून धरून वाकलेली ती बोटं, पण पकड अजून भलतीच होती. क्षणभर सासरा आणि सून, दोघं एका निळसर पाकिटाची ओढाताण करत भर दुकानात उभी राहिली.

"मास्तर, सोडा."

"नाही."

"सोडा म्हणते ना. शेपूट कुठून कापायचं ते मी ठरवते."

सुटलं.

तिनं पाकीट पट्ट्यावर ठेवलं आणि पिशवीत हात घालून तेलाची एक बाटली बाहेर काढली. "ही कमी कर."

काउंटरवरच्या पोरीनं बाटलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "आठ माणसांना एका बाटलीत महिना?" दर महिन्याला येणारी ही माणसं आणि त्यांच्या घरातली आठ तोंडं तिला ठाऊक झाली होती.

"उकडून खाऊ," धाकटी म्हणाली. "तब्येतीला चांगलं असतं."

टीं. उलटी टीं, जराशी खालच्या पट्टीतली.

तीन हजार नऊशे छप्पन्न.


घर

थोरल्या भावानं बिलाचा शेवटचा आकडा बघितला, मान हलवली आणि कागद चुरगाळून टाकला. वरच्या ओळी तो कधीच वाचत नसे. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. जिवावरचं शेपटावर निभावलं होतं.

तीन दिवस.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भाजीचा घास तोंडात घालून तो थांबला. "ही भाजी आहे की आजाऱ्याचं पथ्य? कालही अशीच. तेल संपलं की काय घरातलं?"

"हात आखडता घेतलाय जरा," थोरली म्हणाली.

"का? बिल तर आत बसलं होतं."

धाकटीनं भाताचं पातेलं पुढे ओढलं. धाकट्या भावानं बायकोकडे पाहिलं. पोरं जेवून बाहेर पळाली होती. थोरल्याचा आवाज चढत गेला. "अरे, मी काय विचारतोय? चार हजार मोजून देतो तर तेल कुठं जातं?"

"माझ्या खाली," मास्तर म्हणाले.

लाकडी खुर्चीवर ते ताठ बसले होते. ताट मांडीवर. "लघवी धरवत नाही मला. थंडीपासून. त्याचं पाकीट घ्यावं लागलं, म्हणून बाटली परत ठेवली. हिनं ठेवली." त्यांनी धाकटीकडे बोट केलं. "आणि इतके दिवस हिनं धुतलं." बोट थोरलीकडे गेलं. मग बोटाला काही काम उरलं नाही, तसं ते त्यांनी भातात घातलं.

थोरल्यानं हात धुतला नाही, घासही घेतला नाही. 

"किती लागतात महिन्याला?" त्यानं शेवटी विचारलं. बायकोला.

"दोन पाकिटं."

"मग चार हजारांत कसं बसायचं?"

प्रश्न धाकटीला होता. हरल्याचं कबूल करायला तिला एकच शब्द लागणार होता, आणि त्या शब्दामागोमाग त्या दोन खोल्या. 

"नाही बसणार, भावजी," ती म्हणाली. "वर जाणार. दर महिन्याला जाणार."

"दोन नकोत," मास्तर घाईनं म्हणाले. "जपून वापरलं तर दीडात भागेल."

"मास्तर, तुम्ही जेवा!" दोघी जावा एकदमच ओरडल्या.

थोरल्यानं तो बेचव घास एकदाचा गिळला. धाकट्या भावाकडे वळून म्हणाला, "तीनशे मी वाढवतो. तीनशे तू."

धाकट्यानं मान डोलावली.

"आणि गोदामाजवळच्या खोल्या?" थोरलीनं विचारलं. ताटाकडे बघत.

"तिथं संडास खाली आहे," थोरला म्हणाला. "जिना उतरून जावं लागतं. रात्री मास्तर कसे..." पुढचं त्यानं पूर्ण केलं नाही. भाजीच्या वाडग्याकडे हात करून म्हणाला, "वाढ. आहे ती वाढ."