विहिरीवर कोण गेलं होतं?

धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या एका पंचायत समितीच्या कचेरीत १९८६ साली बन्सीलाल नाना हेडक्लार्क होते. मूळचे पारोळ्याचे. इंग्रजी उत्तम, निदान फायलीपुरतं तरी. त्यांच्याकडे एक वही होती आणि तिच्यात 'पाहिलं' एवढंच सांगायला साहेबाच्या भाषेत किती शब्द आहेत ते सुवाच्य अक्षरात उतरवलेलं होतं. सीन, नोटेड, पेरुज्ड, ऑब्झर्व्हड आणि पुढे बरेच. एका फायलीवर तोच शब्द दोनदा आला, तर नानांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. साऱ्या कचेरीतले लोक शेरा मारायच्या आधी नानांच्या टेबलाशी येऊन शब्द मागून नेत.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? माणसाला छंद असावा. खरं आहे. पण या छंदाची झळ कोणाला बसत होती, तेही ऐका.

आंबापाडा नावाच्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. तिचा कठडा ढासळून आत गेलेला. काठावर सागाचा एक ओंडका टाकून, त्यावर उभ्या राहून बाया पाणी ओढत. काठाची माती रोज थोडी थोडी आत जात होती. वस्तीतल्या बिजलीबाईने शाळामास्तरांकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि जून महिन्यात कचेरीत आणून दिला. कठडा बांधून द्या, एवढंच मागणं.

काम मंजूर व्हायला एकच गोष्ट लागत होती. ओव्हरसियर गिरधर आप्पांनी जाऊन जागा पाहायची. पण आंबापाड्याला एसटी जात नाही. फाट्यावर उतरून दीड तास चालावं लागतं. आप्पा नानांकडे आले.

"नाना, असा एखादा शब्द द्या, की पाहिलं असं वाटलं पाहिजे, पण कुठं उभं राहून पाहिलं ते कोणी विचारायला नको."

नाना खूश झाले. "ऑब्झर्व्हड लिहा. वजनदार आहे."

आप्पांनी खुर्चीत बसून लिहिलं. पुढच्याने ते वाचलं, त्याला वाटलं पाहणी झाली. त्याने आपला शब्द लिहिला. त्याच्या पुढच्यालाही तसंच वाटलं. मार्च लागेपर्यंत त्या एका अर्जावर नऊ शेरे झाले आणि विहिरीवर एक पाटी वाळू पडली नाही.

मार्चमध्येच बिजलीबाई पुन्हा आली. बरोबर सून सुगंधाबाई, दोन्ही हातांना फडकी बांधलेली. नानांच्या टेबलाशी उभी राहून बिजलीबाईने शिपाई चिंधा आबांना बाजारात शिकलेल्या अहिराणीत विचारलं,

"आबा, मना कागदवर काय लिखेल शे?"

चिंधा आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण तीस वर्षं फायली वाहून ते शब्द पाठ झाले होते. त्यांनी बोट ठेवत सांगितलं, "हाई सीन. म्हंजे साहेबनी दखं. हाई नोटेड. दखीसन टिपी लिधं. आनि हाई ऑब्झर्व्हड, म्हंजे बारीक नजरखाल दखं."

"बठ्ठास्नी दखं?" सगळ्यांनी पाहिलं का, असं तिने विचारलं.

"बठ्ठास्नी."

"मंग वस्तीवर कोन उना? आम्ही बाया तठेच ऱ्हातस. आमले तर एक बी मानूस दिसना नही."

नानांनी मान वर केली. "बाई, फाईल चालू आहे. कामाची एक पद्धत असते. पुढच्या महिन्यात या."

बिजलीबाईने सुनेच्या हातांवरची फडकी सोडली. तळव्यांची साल मनगटापर्यंत निघाली होती. "परवा ओंडका सरकी गया. हाई दोरले लटकनी. चार जनीस्नी वर वढी. पोटमा पोर शे हिना."

नानांनी ते हात पाहिले. आणि मग जे झालं, ते सांगताना आजही संताप येतो. नानांच्या हाताने सवयीने पेन उचललं, फाईल ओढली आणि नवव्या शेऱ्याखाली उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं, 'विटनेस्ड'. त्या फायलीवर हा शब्द अजून आला नव्हता.

चिंधा आबांनी त्यांच्या हाताखालून फाईल काढून घेतली. तीस वर्षांत या माणसाचा आवाज टेबलापलीकडे गेला नव्हता.

"नाना, ही बाई विहिरीत गेली असती, तर वहीतून कोणता शब्द काढला असता?"

"चिंधा, पायरी सोडून बोलू नकोस."

"बोलणार. ज्याने पाहिलंच नाही, त्याला जाऊन सांगता तरी येतं. 'पाहिलं' म्हणून सही करून दिली, की सांगणाऱ्याचं तोंडच बंद होतं. तुमच्या एका शब्दावर पुढचे सगळे झोपले, नाना. निवृत्तीला चार महिने आहेत माझ्या. मेमो द्या. पण आधी उठा."

नाना उठले. पश्चात्तापाने नव्हे, रागाने. "चल. बघतोच ही विहीर. खोटं निघालं ना, तर बघ."

चिंधा आबांनी फाईल काखेत मारली. फाट्यावर उतरून चौघं दीड तास चालले. विहिरीपाशी बिजलीबाईने त्यांच्या हातात दोर दिला. "वढा नाना, एक घागर."

नानांनी ओंडक्यावर पाय ठेवला, वाकले आणि ओंडका दबला. काठाची ढेकळं सुटली. खाली पाण्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत इतका वेळ गेला, की नानांनी दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाय पुढेही जाईना, मागेही येईना. पुन्हा फडकं बांधलेल्या हाताने कोणीतरी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. ती सुगंधाबाई होती.

ते जमिनीवर बसले. मग त्यांनी फाईल मागितली आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहिलं: 'आज मी विहिरीवर उभा राहिलो. कठडा नाही. ओंडका हलतो. एका गरोदर बाईचा जीव जाता जाता वाचला. ओव्हरसियरने जागा पाहिलेली नाही. पाहिल्यासारखा शब्द मीच सुचवला होता.'

दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकारी म्हणाले, "नाना, शेवटचं वाक्य खोडा. तुम्हीही अडकाल."

"राहू द्या, साहेब. ते खोडलं तर बाकीचंही कोणी खरं मानणार नाही."

नाना आणि आप्पा, दोघांनाही ठपका मिळाला. गिरधर आप्पा त्याच आठवड्यात पायी आंबापाड्याला गेले, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत कंबरभर उंचीचा पक्का कठडा उभा राहिला.

मंडळी, टेबल सरकारीच असावं लागतं असं नाही. शेजारच्या घरात सुनेला मार बसतो, रस्त्यावर उघडी तार लोंबते, आणि आपण 'लक्षात आहे', 'बघू', 'कानावर आलंय' म्हणत आपापला शेरा मारून मोकळे होतो. ही लाच न घेता केलेली लबाडी आहे. दिसलं असेल, तर उठा. उठणं होत नसेल, तर निदान पाहिलं म्हणून सांगू नका. ज्याला उठायचं आहे त्याला तरी कळू द्या, की अजून कोणीच गेलेलं नाही.