बादूच्या स्वप्नाची भरपाई

बादूच्या स्वप्नात अमोआकोचा फायदा होता तो ओढ्यालगतच्या पट्ट्याएवढा. बादूच्या त्या पट्ट्यात कोकोची झाडं ऐन भरात होती, पाणी बारमाही, आणि अमोआकोच्या मळ्याला नेमकी पाण्याचीच उणीव होती. विकत मागून झालं, गोड बोलून झालं. बादू नुसता हसायचा. आणि आता हा शहाणा ताडीचा भोपळा अर्धा रिकामा करून चारचौघांत बरळला होता, "काल स्वप्नात मी अमोआकोच्या बायकोपाशी, सेरवापाशी निजलो!"

असलं स्वप्न पडलं तर पहाटे उकिरड्यापाशी जावं, त्याला पुटपुटून सांगावं, थुंकावं आणि परत यावं, हे शेंबडं पोरही जाणतं. देह चटईवर पडलेला असला तरी आतलं सुनसुम झोपेत बाहेर पडतं, हिंडतं, आणि ते जे करील त्याचा धनी माणूसच. उकिरड्याला सांगितलं तर तिथंच कुजून जातं. माणसांना सांगितलं की ती बदफैली ठरते आणि नवऱ्याला भरपाई मिळते.

बातमी आली तेव्हा अमोआको फुफूचे गोळे गिळत होता. खरं सांगायचं तर त्याला राग आला नाही. डोळ्यांपुढं आधी ओढा आला. मग ध्यानात आलं, न संतापलेल्या नवऱ्याला भरपाई कोण देणार? त्यानं कोको तोडायचा कोयता कमरेला खोचला आणि भरवस्तीतून, सगळ्यांना दिसेल असा निघाला.

"ऊठ रे बादू!"

"अरे ये भाऊ, बस. घे घोटभर."

पहिल्या ठोशातच बादूचा दात भोपळ्यात पडला.

"माझ्या बायकोला झोपेत हात लावतोस?"

"झोपेतच लावला ना!" बादू तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. "जागेपणी लावला असता तर तिनं मुसळानं ठेचलं असतं मला!"

लोक खदखदून हसले. अमोआकोनं बरगडीत लाथ घातली. आणि इथं गंमत झाली. राग सोंगाचा होता, पण मूठ खरी होती. मुठीला रक्त लागलं तशी छाती धपापू लागली, छातीपाठोपाठ दात करकरले, आणि मन शेवटी धापा टाकत येऊन पोचलं: अरेच्चा, आपण संतापलोय की! चौघांनी ओढून काढलं तेव्हा बादूचा एक डोळा मिटला होता.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख नाना येबोआंपुढं बैठक बसली. संतापाचा पुरावा म्हणून अमोआकोनं कोयता कमरेलाच ठेवला होता.

"नाना, मी रात्रभर आईच्या अंगणात होतो," बादू म्हणाला. "तिला विचारा, घोरत होतो."

"घोरणं देहाचं काम," नाना म्हणाले. "सेरवाकडं कोण गेलं होतं?"

"मला काय ठाऊक? मी झोपलो होतो!"

अमोआको उठला. "नाना, देह म्हणजे नुसतं अंगावरचं कापड. कापड खुंटीला होतं म्हणून चोर घरातच होता, असं कुणी म्हणेल का?"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तोड निघाली: बादूनं ओढ्यालगतचा पट्टा द्यावा. अमोआकोला हसू लपवताना ओठ चावावा लागला. पण नाना सेरवाकडं वळले.

"दोघांची सुनसुमं भेटल्याशिवाय असलं घडत नाही, पोरी. तुझंही गेलं होतं का?"

हे मात्र अमोआकोनं हिशेबात धरलं नव्हतं. बायको "नाही" म्हणाली तर पट्टा हातचा जाणार, "हो" म्हणाली तर अब्रू. सेरवानं नवऱ्याकडं नीट पाहिलं.

"गेलं होतं, नाना. आपल्या पायांनी. नवऱ्याला ओढा दिसतो, बायको दिसत नाही, मग सुनसुमानं घरी बसून काय करायचं? आणि बादू हसतो छान."

बैठक हास्यानं फुटली. बादूही सुजल्या तोंडानं हसला, आणि कोयता उठला. बादूनं हात आडवा धरला. पंजा मनगटापासून तुटून नानांच्या पायाशी पडला. बोटं अजून वळत होती, जणू त्यांना बातमी पोचली नव्हती. दुसरा घाव खांद्यात रुतला. तिसरा घालण्याआधी लोकांनी अमोआकोला खाली पाडून तुडवलं, त्याचं कोपर उलटं वाकवून मोडलं आणि दोरानं आवळलं.

"मी नव्हतो, नाना!" तो मातीत तोंड खुपसून ओरडत होता. "हात आपोआप उठला! माझं सुनसुम जागेवर नव्हतं!"

"मग आम्ही बांधलंय ते काय, कापड?" नाना म्हणाले. "आत्ताच सांगत होतास, कापडाला विचारायचं नसतं."

"दोर काचतोय, नाना!"

"काचणारच. सुनसुमाला दोर बसत असता तर तेच बांधलं असतं."

हिशेब मिटला तो असा. पट्टा बादूकडंच राहिला, वर अमोआकोचा मळाही त्याला मिळाला. फळ तोडायचा त्याचा हात मात्र गेला. रीतीप्रमाणं तो मळा मामाकडून आपल्याला येईल म्हणून बसलेले अमोआकोचे भाचे रिकाम्या हातानं उठले. सेरवा माहेरी गेली आणि गावातला कुठलाही पुरुष झोपेतून दचकून उठला की लोक तिचं नाव घेऊ लागले. अमोआकोला शिपाई कुमासीला घेऊन गेले, वाकडं कोपर आणि त्याच्या आतलं जे काय होतं ते, दोन्ही एकाच कोठडीत. नानांच्या आसनापुढची रक्तानं बाटलेली जमीन शुद्ध करायला एक मेंढी आणली. तिला कसलंच स्वप्न पडलं नव्हतं. मान तिची गेली.