सरांना थेट फोन करा

मोठ्या सर्जनचा आवाज तिसऱ्या मजल्यावर चढला की तळमजल्यावरची केसपेपरची रांगसुद्धा गप्प व्हायची. हातात जादू, पण जिभेला हाड नाही! चार डॉक्टरांनी मिळून काढलेलं ते रुग्णालय. प्रमुख होती सर्जनच्या धाकट्या भावाची बायको. सगळे तिला मॅडम म्हणत. दिवसभर भाऊजींच्या शेजारच्या खोलीत बसायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच पंक्तीला जेवायचं. बिचारी बोलणार कुठे आणि पळणार कुठे?

दोन नर्स रडून नोकरी सोडून गेल्या, तेव्हा मॅडमने वॉर्डात सांगून टाकलं, "सरांना थेट फोन करू नका गं. मला सांगा, मी त्यांचा मूड बघून बोलते." सगळ्यांना हायसं वाटलं.

एका दुपारी सर्जनने एका शिक्षिकेच्या गळ्यातली गाठ काढली. थोड्या वेळाने नर्सला टाक्यांखाली सूज दिसली. तिने मॅडमला फोन लावला. मॅडम मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. तिने पुन्हा लावला. सर्जन तर समोरच्याच खोलीत चहा घेत होते! नर्स त्यांच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. शिक्षिकेचा श्वास कोंडायला लागला, तेवढ्यात भूलतज्ज्ञ बाई वॉर्डात आल्या आणि त्यांनी सर्जनला हाका मारून बोलावलं. टाके पलंगावरच उघडून आत साठलेलं रक्त काढावं लागलं. शिक्षिका वाचली, अगदी थोडक्यात.

मॅडम धावत आली, तेव्हा सर्जन नर्सवर तुटून पडले होते. "मी काय मेलो होतो? मला का नाही सांगितलं?"

"मॅडमनीच सांगितलंय सर," नर्स हुंदके देत म्हणाली, "तुम्हाला फोन करायचा नाही म्हणून."

मॅडमच्या पायाखालची जमीनच सरकली!

भूलतज्ज्ञ बाईंबरोबर आपल्या खोलीत येऊन तिने कपाळाला हात लावला. "मी तर पोरींना वाचवायला गेले होते हो."

"वाचवलंत कशापासून? सरांच्या ओरडण्यापासून!" भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "आपण सगळे घाबरून वागायला शिकलो आणि त्याला शिस्त म्हटलं. घरी ते दीर असतील. इथे तुम्ही प्रमुख आहात."

"ते सोडून गेले तर? सासूबाईंना काय तोंड दाखवू?"

"आणि त्या शिक्षिकेच्या मुलांना काय दाखवणार होतात?"

मॅडम उठली. ती सर्जनच्या खोलीत गेली. "भाऊजी, आजपासून सगळे तुम्हाला थेट फोन करणार. फोन करणाऱ्यावर ओरडलात, तर ऑपरेशन थिएटर तुमच्यासाठी बंद."

"मला सांगतेस? आणि आईला काय सांगशील?"

"हेच सांगेन. जेवताना, सगळ्यांसमोर."

सर्जन ताडकन उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर तीच नर्स उभी होती. त्यांना पाहताच ती भिंतीला चिकटली. सर्जन थबकले.

"ही मला इतकी घाबरते?"

"सगळेच घाबरतात. मीसुद्धा."

सर्जन दोन पावलं मागे सरले. मग नर्सला म्हणाले, "माझा नंबर आहे ना? लावत जा. मी चिडलो तरी लाव."

"चिडायचंच नाही, भाऊजी!" मागून मॅडम म्हणाली.

"बरं," ते पुटपुटले.

मंडळी, आपल्याही कचेरीत, शाळेत, घरात असा एखादा हुशार पण तापट माणूस असतो. त्याचा मूड सांभाळणारं एखादं भलं माणूसही असतं. त्या भलेपणाची किंमत मात्र तिसऱ्यालाच मोजावी लागते. ज्याच्या हाती कारभार आहे, त्याने तोंडावर बोलावं, आणि वेळेत बोलावं. त्या शिक्षिकेला वेळ पुरला. दरवेळी पुरेलच असं नाही!