चंद्रप्पानं राखलेली वायर

लातूरजवळच्या त्या कारखान्यात सोयाबीनचं तेल हेक्झेननं काढत. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरे. फोरमन चंद्रप्पाचा वीस वर्षांचा नियम होता, प्रत्येक मीटरला स्वतंत्र वायर. आता बिलोलीची पंचशीला इंजिनिअर होऊन आली आणि तिनं टाकीवरचे सगळे मीटर एकाच केबलवर घेतले.

चंद्रप्पाला हे पटेना. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्याच्या घराचं मातीचं माळवद एकाच तुळईवर होतं. तुळई मोडली आणि कमलम्मा, त्याची बायको, खाली गाडली गेली. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, ताक फुंकणारच. त्यात ही लातूरच्या क्लासात घोकून साहेबीण झालेली पोर!

"मॅडम, येवढ्याशा वायरीवर समदा प्लांट? लई जोखीम हाय."

"मामा, हिच्यात वीजच इतकी कमी सोडलीय, की तुटली तरी वाफ पेटणार नाही. जुन्यांत विजेचा पूर्ण दाब असतो, जोड सैल झाला तरी ठिणगी पडते. म्हणून तर त्या काढतोय."

"हाव," तो म्हणाला, आणि एक अक्षर खरं मानलं नाही. जुन्या वायरी काढायची हिला एवढी घाई का? काहीतरी झाकून राहिली ही. आठ दिवस तो तिच्या मागं डोळे लावून फिरला. शेवटी टाकी भरल्याची घंटा वाजवणारी जुनी वायर त्यानं गुपचूप चालूच ठेवली. मधला जोड स्वतः चिकटपट्टीनं बांधला. त्याला मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं.

हेक्झेन सोडायच्या सकाळी पंचशीलानं विचारलं, "मामा, जुन्या सगळ्या बंद ना?"

"बंद," तो म्हणाला. आता ही काचेच्या खोलीत जाऊन बसणार, आणि मरायला आम्ही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ती टाकीची शिडी चढू लागली. "पहिली भरती होईपर्यंत मी वरच थांबते. जोडणी माझी आहे, दुसऱ्याला कशाला उभं करायचं?"

स्वतःच वर उभी राहणारी खोटं कशाला बोलेल? म्हणजे धोका चंद्रप्पानं राखलेल्या वायरीतच होता. त्याचा जोड बरोबर तिच्या पायाशी होता. खाली एका कामगारानं हेक्झेनच्या व्हॉल्व्हला हात घातला.

"थांब! सोडू नको!"

चंद्रप्पा ओरडत पॅनलकडे धावला, फ्यूज उपटला, वर चढला आणि वायर तोडून तिच्या हातात दिली. तिनं ती चिकटपट्टी पाहिली. तिचा चेहरा उतरला.

"कुणी ठेवली ही?"

"म्या." त्याला तिच्याकडं बघवेना. "मॅडम, पयल्यापासून समदं तपासा. मी बंद म्हणलेलं तर आधी तपासा."