राजपुत्र काय म्हणाला

मनुबाई न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. तिचं सगळं करायची पाळी सुनेवर, क्रांतीवर आली. मुलगा वीरधवल फौजेत, तिकडं अरुणाचलला. नात अंकिता कराडला होस्टेलवर. उसाच्या मळ्यातल्या त्या घरात दिवसभर दोघीच.

क्रांतीचं माहेर म्हसवडकडचं, म्हणून वीस वर्षं सासू तिला 'दुष्काळी' अशीच हाक मारायची. तेही तिनं सोसलं असतं. पण सहा वर्षांमागं तिचा बाप गेला, तेव्हा मळ्यात ऊसतोड चालू होती. टोळीच्या चहा-भाकरीचं कोण बघणार, म्हणून सासूनं तिला मातीला जाऊ दिलं नाही. आबा एकाएकी गेले, एवढंच तिला सांगितलं. ती पोचली तेव्हा सावडूनही झालं होतं.

दुपारी काम आवरलं की क्रांती मोबाइलवर कोरियाची एक मालिका बघायची. जुन्या काळातली, राजवाड्यातला धाकटा राजपुत्र आणि औषधं कुटणारी एक पोरगी. म्हातारी आधी कुरकुरली, मग मान वळवून बघू लागली, आणि आठवड्याभरात तिला त्याशिवाय करमेना. बोलणं कोरियन, खाली अक्षरं हिंदी. मनुबाईला दोन्ही सारखीच. क्रांती वाचून सांगायची.

एका भागात राजपुत्र बर्फातून चालत येतो आणि दाराशी उभा राहून पोरीला विचारतो, जेवलीस का. मनुबाईनं ते तीनदा मागं घ्यायला लावलं. मग म्हणाली, "चाळीस वर्सं संसार केला. मला कुणी इचारलं न्हाई."

क्रांतीला तिची कीव आली. आणि त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं की, हिला दुखवायची जागा आपल्याला सापडली.

शेवटच्या भागात राजपुत्र गादी सोडून पोरीच्या गावी येतो. तिचे हात धरून रडतो. आता मी कुणाचाच राजा नाही, तुझ्या घरात मला घे, असं खाली आलं. क्रांतीनं शांतपणे सांगितलं, "म्हणतोय, प्रधानाच्या लेकीशी माझं लगीन झालं. तू नुसता इरंगुळा हुतीस. पुन्यांदा तोंड दावू नको."

पोरगीही रडत होती, त्यामुळं खोटं नीट बसलं. क्रांतीनं तिथंच मोबाइल बंद केला. पुढची वीस मिनिटं राहिली होती, त्यात दोघांचं लग्न होतं.

"त्यो तसं बोलायचा न्हाई," मनुबाई म्हणाली.

"बोलला की, आत्या. पुरुषच त्यो."

म्हातारीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. भरली ताटं तशीच परत नेताना क्रांतीला हलकं हलकं वाटत होतं.

शनिवारी अंकिता आली. क्रांती वैरणीला गेलेली बघून आजीनं नातीला तो भाग लावायला सांगितला आणि शब्दन् शब्द वाचून घेतला. लग्नासकट.

नात परत गेल्यावर मनुबाईनं सुनेला खाटेजवळ बोलावलं. मालिकेचा विषयही काढला नाही.

"तुझा बाप एकाएकी न्हाई गेला," ती म्हणाली. "दोन दिस आदी माझ्या मोबाइलवर फोन आला हुता त्येचा, तवा तुझ्याकडं मोबाइल न्हवता. जीव घाबरा झालाय, क्रांतीला धाडा म्हनला. धाडती म्हनलं. तोड चालू हुती, म्या तुला सांगितलं न्हाई."

क्रांती खाटेचा काठ धरून खाली बसली.

"आनि आजून एक म्हनला. येवढं तरी तिला सांगा, म्हनला."

"काय म्हनले आबा?"

मनुबाईनं डोळे मिटून घेतले. "आता ध्यानात न्हाई."

त्यानंतर म्हातारी अकरा महिने जगली. अंगावर एक जखम नाही, याचं डॉक्टरांना नवल वाटायचं. क्रांती दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, मऊ भात कालवून भरवायची आणि घास पुढं करताना रोज तेच विचारायची. मनुबाई तोंड उघडायची ते घासापुरतं. असा काही निरोप होता तरी का, हे क्रांतीला शेवटपर्यंत कळलं नाही.